समुद्राच्या नावचं पाणी

भीमाशंकरच्या देवळाच्या आवारात एक थोरली घंटा टांगलेली आहे. ती घडणीने इथली नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई पोर्तुगिजांकडून जिंकली, तेव्हा तिथल्या घंटा मराठ्यांनी घाट चढवून देशावर आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवांना वाहिल्या. त्यांतली ही एक. दर्शनाच्या रांगेतली माणसं तिच्याकडे बघतात आणि पुढे सरकतात. मला तिच्याजवळ उभं राहिलं की वसईची खाडी आठवते. उल्हास नदी तिथे अरबी समुद्राला मिळते, आणि या देवळाच्या पश्चिमेला जो कडा तुटला आहे, त्याच्यावरून कोसळणारं पाणी त्याच उल्हासच्या खोऱ्यात जातं. घंटा समुद्रावरून वर आली. पाणी इथून समुद्राकडे जातं.

सगळंच पाणी मात्र तिकडे जात नाही. देवळाजवळ उगवणारी भीमा पूर्वेला तोंड करून निघते. श्रावणात नागफणीच्या बाजूला कड्याच्या काठावर उभं राहावं, समोर ढगांशिवाय काही दिसत नाही, आणि अंगावर जी सर येते तिचे दोन भाग तिथल्या तिथे पडतात. कड्यापलीकडे पडलेला थेंब खांडसच्या अंगाला कोकणात उतरतो आणि दीडशे किलोमीटरांच्या आत समुद्र गाठतो. अलीकडे पडलेला थेंब भीमेबरोबर ८६१ किलोमीटर चालतो, रायचूरजवळ कृष्णेला मिळतो, आणि तिच्याबरोबर आंध्रातून बंगालच्या उपसागरात पोचतो. त्याची एकूण चाल चौदाशे किलोमीटरांच्या वर भरते. दोघेही निघाले एकाच ढगातून, आणि त्या ढगाचा समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा लांब नाही.

त्रिपुरासुराशी झुंजून दमलेल्या शंकराच्या अंगातून जो घाम निथळला, त्याची भीमा झाली अशी कथा इथे सांगतात. घाम खारट असतो, भीमा गोडी आहे. कथा रचणाऱ्याने हा विचार केला असेल की नाही कोण जाणे. पण खारट पाण्याची गोडी नदी कशी होते आणि ती पुन्हा खारट कुठे होते, हे समजून घेण्यासाठी भीमाशंकरइतकी चांगली जागा मला दुसरी माहीत नाही. हे समजून घ्यायची गरज वाटण्याचं कारणही सांगून टाकतो. ‘पाणी समुद्रात वाया जातं’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ते निवडणुकीच्या सभेत असतं, साखर कारखान्याच्या सभेत असतं, शाळेच्या निबंधातही असतं. ते वाक्य चुकीचं आहे.

देऊळ कागदोपत्री खेड तालुक्यातल्या भोरगिरीत येतं. मंचर, घोडेगाव, डिंभे करत एसटी ज्या वाटेने चढते ती वाट आंबेगावातली. उत्तरेला लागून जुन्नर. या डोंगररांगेच्या पूर्व उतारावरून आहुप्याकडची घोड, ढाकोबाच्या कुशीतली मीना आणि पूरच्या कुकडेश्वराजवळची कुकडी अशा नद्या निघतात. मीना आणि कुकडी घोडीला मिळतात, घोड भीमेला मिळते. जुन्नर-आंबेगावचा घाटमाथा म्हणजे एका अर्थी भीमेचंच माहेर. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या पुढे पाऊस पडतो. शंभरेक किलोमीटर पूर्वेला, दौंड-शिरूरच्या माळावर, तो पाचशेच्या आसपास येतो. ढग तोच असतो, पण घाटाने त्याला पिळून घेतलेलं असतं.

पावसाचं पाणी म्हणजे शुद्ध पाणी, असं आपण धरून चालतो. ते जवळजवळ खरं आहे, पुरतं खरं नाही. अरबी समुद्रावर ऊन पडतं, वाफ वर जाते आणि मीठ खाली राहतं. समुद्राच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे चहाचे साधारण सहा चमचे. अरबी समुद्रात थोडे जास्तच. वाफेबरोबर त्यातलं काहीच वर येत नाही. पण वाऱ्याने लाटा फुटतात, फेसाचे बुडबुडे फुटतात, आणि त्यांतून डोळ्यांना न दिसणारे खारे तुषार हवेत उडतात. पाणी सुकतं, मिठाचे बारीक कण तरंगत राहतात. ढगाला थेंब धरायला असा कण लागतोच. म्हणून मोसमी पावसाच्या कितीतरी थेंबांच्या पोटात समुद्राच्या मिठाचा कण असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून थेंब थोडा आंबटही होतो. निव्वळ त्याच्यामुळे पावसाचा सामू ५.६च्या आसपास येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने आपल्याकडच्या पावसाचं रसायन अनेक वर्षं तपासलं आहे. आपल्या मातीतली चुन्याची धूळ हवेत मिसळते, त्यामुळे आपला पाऊस बऱ्याचदा तेवढाही आंबट राहत नाही. तर अशा पावसाच्या लिटरभर पाण्यात काही मिलिग्रॅम, फार तर काही दशक मिलिग्रॅम क्षार. समुद्राच्या तुलनेत हजारात एकाहूनही कमी.

हे पाणी जंगलावर पडतं, आणि खरं काम तिथे सुरू होतं. पानांवरून, शेवाळ्यावरून, शेकरूच्या घरट्यांवरून निथळत ते मातीत शिरतं. मातीत मुळं आणि कुजणारा पाचोळा सतत कार्बन डायऑक्साइड सोडत असतात. तिथल्या हवेत तो वरच्या हवेपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. त्यामुळे मातीत झिरपणारं पाणी पावसापेक्षा अधिक आंबट होतं, आणि असं पाणी काळ्या कातळाला भिडतं. हा कातळ ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन बनलेला बसाल्ट. दिसायला अभेद्य. पण आंबट पाण्याला तो हळूहळू वश होतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम, थोडं सोडियम आणि वाळूतलं सिलिका द्रव्य पाण्याबरोबर निघून जातं. न विरघळणारं लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहून माती तांबडी होते. कातळ विरघळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड बायकार्बोनेट बनून पाण्यात अडकतो. दख्खनचा बसाल्ट अशा रीतीने हवेतला कार्बन सतत गिळत आला आहे, आणि पृथ्वीचं तापमान लाखो-कोटी वर्षांच्या मापात ठरवण्यात अशा खडकांचा मोठा हात आहे. भीमाशंकरच्या ओढ्यात हात घालतो, तेव्हा आपण विरघळलेल्या डोंगरात हात घालतो.

हे रसायन स्वयंपाकघरात माहीत असतं. घाटमाथ्यावरच्या झऱ्याच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजते. तीच डाळ दौंड-इंदापूरच्या एखाद्या विहिरीच्या पाण्यात तासभर गॅसवर ठेवली तरी टणक राहते. बायका म्हणतात, पाणी जड आहे. कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलं की डाळ मऊ होत नाही, आणि साबणाला फेस येत नाही. जिभेला किंचित खारट-तुरट लागणाऱ्या विहिरीच्या पाण्याला ‘सवळ’ म्हणतात, आणि खाडीकाठी गोडं-खारं मिसळलेल्या पाण्याला ‘मचूळ’. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असावेत, असं भारतीय मानक सांगतं. पण आपल्या भाषेने ती पट्टी मानकाच्या फार आधी जिभेवर बांधून ठेवली होती.

पाणी विरघळवतं तसं ओढूनही नेतं, हे आंबेगावने फार जबर किंमत देऊन पाहिलं. ३० जुलै २०१४च्या सकाळी, मुसळधार पावसानंतर, माळीण गावावर डोंगर उतरला. दीडशेवर माणसं गेली. डिंभे धरणाच्या पाण्यापासून हे गाव लांब नाही. झिजलेला कातळ, त्यावर बसलेली जाड माती, तिच्यात मावेल त्याहून जास्त पाणी. हजारो वर्षांत थोडी थोडी करून समुद्राला जायची ती माती काही क्षणांत खाली आली. सह्याद्रीच्या पावसाबद्दल लिहिताना माळीणवरून पुढे जाणं मला शक्य नाही, आणि त्यावर फार शब्द खर्च करणंही बरं वाटत नाही.

आता पश्चिमेच्या थेंबाबरोबर जाऊ. त्याची वाट आखूड आणि घाईची. हजार मीटरच्या आसपास उंचीवरून तो कोकणात आदळतो, ओढ्यांतून उल्हासला मिळतो, आणि नेरळ, बदलापूर, कल्याण करत खाडीत शिरतो. पावसाळ्यात या प्रवासाला दिवस पुरे होतो. ही नदी किती झपाट्याने चढते, हे २७ जुलै २०१९ला दिसलं. बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. कल्याणजवळ उल्हासला काळू मिळते, माळशेजच्या कड्यावरून, म्हणजे पुन्हा जुन्नरच्याच हद्दीवरून उतरलेली.

खाडीत गोडं पाणी आणि खारं पाणी एकमेकांना भेटतात, पण लगेच मिसळत नाहीत. खारं पाणी जड असतं. लिटरमागे सुमारे २५ ग्रॅमचा फरक. म्हणून भरतीला समुद्र तळाशी सरपटत आत येतो आणि नदी त्याच्यावरून वाहत राहते. वरच्या थरातलं पाणी चाखावं तर मचूळ, तळाचं चाखावं तर खारं. नदीने आणलेल्या चिकणमातीचे कण गोड्या पाण्यात एकमेकांना दूर लोटत होते. खारट पाणी लागताच ते एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि खाली बसतात. खाडीचा चिखल असा होतो. त्याच्यावर तिवरं वाढतात, तिवरांच्या मुळाशी निवट्या उड्या मारतात, कोळंबीची पिल्लं वाढतात. पावसाळ्यात वरून येणाऱ्या गोड्या पाण्याबरोबर या सगळ्यांचं खाणं येतं. श्रावणी सोमवारी भीमाशंकरला जी रांग लागते, त्याच महिन्यात नारळी पौर्णिमेला खाडीकाठचे कोळी समुद्राला नारळ देतात. डोंगरावर आणि किनाऱ्यावर एकाच पाण्याचा सण चालू असतो.

मीठ मात्र याच डोंगरांवरून उलट्या दिशेने चढत आलं. जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाट आहे. तिथल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे, आणि घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरला यायचा. पुढेही शतकानुशतकं कोकणच्या आगरांतलं मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढत राहिलं. देशावर मीठ फारसं पिकत नव्हतं. पावसाने देशाच्या मातीतलं मीठ समुद्राला पोचवलं, आणि माणसाने ते पाठीवर लादून परत आणलं. आज ते ट्रकने आणि रेल्वेने येतं, एवढाच फरक. माणूस दिवसाला दहा ग्रॅम मीठ खातो असं धरा, आणि पुणे-पिंपरीची माणसं पन्नास लाख धरा. दिवसाला पन्नास टन मीठ होतं. ते शरीरात साठत नाही. सांडपाण्यातून मुळा-मुठेत, तिथून भीमेत, आणि मग पुन्हा समुद्राकडे. निदान तसं व्हायला हवं.

पूर्वेचा थेंब लांबच्या वाटेने जातो, आणि ही वाट आता सरळ राहिलेली नाही. भीमेवर पहिल्यांदा चासकमान धरण येतं. घोडीवर डिंभे, मीनेवर वडज, कुकडीवर माणिकडोह आणि येडगाव. डिंभ्याच्या पाण्याखाली जुनं आंबेगाव आहे, ज्याचं नाव तालुक्याला आहे. पुढे तुळापूरला इंद्रायणी मिळते, मग मुळा-मुठा, मग घोड, आणि मग उजनी. उजनीची साठवण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला निम्म्याहून अधिक मृत साठा. पसरट, उथळ, उन्हात तळपणारं हे पाणी वर्षभर वाफ होत राहतं. वाफ पाण्याची होते, क्षार तिथेच राहतात. समुद्र जे काम करतो तेच लहान प्रमाणात उजनी करते. मग नीरा-नरसिंगपूरला नीरा, मग पंढरपूरची चंद्रभागा, गाणगापूरचा संगम, आणि कर्नाटकातून कृष्णा.

काही थेंबांना तर वाटेतच उलटं वळवलं जातं. इंद्रायणीची उपनदी आंद्रा. तिच्यावर ठोकरवाडीला टाटांनी धरण बांधलं आणि १९२२ पासून ते पाणी घाटाखाली भिवपुरीच्या वीजघरात सोडलं. वीज मुंबईला गेली, पाणी पेज नदीतून उल्हासला मिळालं. म्हणजे जे पाणी निसर्गाने बंगालच्या उपसागराच्या नावावर लिहिलं होतं, ते शंभर वर्षं अरबी समुद्राकडे चाललं आहे.

दोन्ही थेंब समुद्राला पोचले असं समजू. मग एक साधा प्रश्न येतो. नद्या समुद्रात क्षार नेतात, समुद्राचं पाणी वाफ होतं, क्षार मागे राहतात. तेव्हा समुद्र म्हणजे आटवलेलं नदीचं पाणी का? एडमंड हॅले यांनी १७१५ मध्ये असाच विचार करून सुचवलं होतं की समुद्राच्या खारटपणावरून पृथ्वीचं वय काढता येईल. १८९९ मध्ये आयर्लंडच्या जॉन जोली यांनी तो हिशेब सोडियमवरून मांडला आणि आठ-नऊ कोटी वर्षं असं उत्तर काढलं. पृथ्वीचं वय प्रत्यक्षात साडेचारशे कोटी वर्षांच्या वर आहे. गणित चुकलं नव्हतं. समुद्र क्षार नुसता साठवतो, हे गृहीतक चुकलं होतं.

भीमेचं पाणी कढईत आटवलं तर तळाशी प्रामुख्याने चुनखडी बसेल. समुद्राचं पाणी आटवलं तर मीठ बसतं. लिटरमागच्या ३५ ग्रॅमांत सोडियम आणि क्लोराइड मिळून ३० ग्रॅम. कॅल्शियम अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. नदीने आणलेलं कॅल्शियम गेलं कुठे? तिसऱ्या आणि कालवं, शंख आणि पोवळी ते शरीराला लावून घेतात. कोकणात शिंपले भाजून चुना करायचे आणि घरं बांधायचे. त्या भिंतींत सह्याद्रीच्या कातळाचा अंश असणं अगदी शक्य आहे. सिलिका डायटम नावाची सूक्ष्म शेवाळं उचलतात आणि त्याची काचेसारखी कवचं करतात. समुद्रातल्या अन्नसाखळीचा मोठा भार या शेवाळांवर आहे. उचलायला कोणी नाही असे सोडियम आणि क्लोराइड तेवढे उरतात. क्लोराइड तर बसाल्टातून फारसं आलंही नाही; ते पृथ्वीच्या बालपणी ज्वालामुखींच्या वायूंतून समुद्रात उतरलं. भीमेच्या उगमाजवळच्या पाण्यात जे थोडं क्लोराइड सापडतं, ते बहुतेक समुद्रातूनच पावसाबरोबर आलेलं असतं, आणि समुद्राकडे परत निघालेलं असतं.

पाण्याचा रेणू हवेत आठ-दहा दिवस राहतो आणि समुद्रात सरासरी तीन हजार वर्षं. कॅल्शियम समुद्रात दहा लाख वर्षांच्या आसपास फिरतं, सोडियम काही कोटी वर्षं. दख्खनचा लाव्हा थंड झाल्यावर पहिल्या पावसांनी धुतलेलं काही सोडियम अजूनही समुद्रात फिरत असेल. शेवटी तेही बाहेर पडतं. समुद्राचा एखादा भाग तुटून सुकतो आणि मिठाचे थर जमिनीत गाडले जातात. पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतलं मीठ पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वी सुकलेल्या समुद्राचं आहे. श्रावणी सोमवारच्या उपासाला जे आपण सैंधव म्हणून साबुदाण्यात घालत आलो, ते बहुतेक हेच.

आता ज्या गोष्टीसाठी हा सगळा फेरा घेतला, तिकडे येतो. नदी समुद्राला पोचली नाही तर तिने नेलेले क्षार कुठे जातात?

उत्तर नीरेच्या काठी सव्वाशे वर्षांपूर्वीच मिळालं होतं. १८८०च्या दशकात नीरा डावा कालवा सुरू झाला आणि बारामतीकडच्या दुष्काळी काळ्या जमिनीत ऊस उभा राहिला. लोकांचं दैन्य हटलं, यात शंका नाही. पण थोड्या वर्षांतच पाणथळ जागा दिसू लागल्या. जमिनीवर पांढरी फक्की उमटली, ऊस पिवळा पडला, पुढे गवतही उगवेना. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. कालव्याचं पाणी बेतानं वाटलं जावं म्हणून विश्वेश्वरय्यांनी याच नीरा कालव्यावर ‘ब्लॉक’ पद्धत आणली होती. म्हणजे दुखणं त्या पिढीने नेमकं ओळखलं होतं. आज सोलापूर, पुणे, अहिल्यानगर, सांगली, कोल्हापूर, जिथे जिथे ऊस आणि पाट एकत्र आहेत, तिथे शेतकरी ‘क्षारपड’ आणि ‘चोपण’ हे शब्द रोज वापरतो.

हिशेब सोपा आहे. ऊस एका हेक्टरला वर्षाकाठी सहज दोन मीटर पाणी पितो, म्हणजे दोन कोटी लिटर. त्या पाण्यात लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार आहेत असं समजा. पिण्यालाही उत्तम म्हणावं असं पाणी. तरी हेक्टरमागे वर्षाला सहा टन क्षार जमिनीत उतरतात. ऊस पाणी घेतो, वाफ करून हवेत सोडतो. क्षार जवळपास सगळे मागे ठेवतो. त्यातला चुना मातीत खड्यांच्या रूपात बसतो, त्याचा फार त्रास नसतो. सोडियम राहतं आणि मातीचे कण सुटे करतं. मग माती पाणी धरत नाही, सोडत नाही, भिजली की चिकट आणि वाळली की दगड. उपाय माहीत आहेत: चर खणा, जमिनीखालून निचऱ्याच्या नळ्या टाका, जिप्सम द्या, पाणी कमी द्या. चांगले शेतकरी हे करतात आणि जमिनी परत मिळवतात. पण निचऱ्याचं ते खारट पाणी शेवटी ओढ्यात जातं, ओढा भीमेत, भीमा कृष्णेत. भीमाच अडली तर ते कुठे जाणार? माझ्या शेतातून निघालेलं मीठ खालच्या माणसाच्या शेतात बसेल, एवढंच. डोंगर रोज विरघळतो आहे, ते क्षार कुठेतरी जायलाच हवेत, आणि निसर्गाने त्यांच्यासाठी समुद्र नावाची एकच मोठी जागा ठेवली आहे.

भीमेचं पाणी पुढे नेणारी कृष्णा कधीकधी खरंच अडते. आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेच्या अभ्यासकांनी कृष्णेचा समुद्राला जाणारा प्रवाह तपासला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नदी भरभरून समुद्राला मिळत होती. नागार्जुनसागर, श्रीशैलम, आपली उजनी आणि कोयना, शेकडो लहान धरणं झाली, आणि २००१ ते २००४ या तुटीच्या वर्षांत समुद्रात जाणारं पाणी जवळजवळ शून्यावर आलं. विजयवाड्याच्या प्रकाशम बंधाऱ्याखाली नदीचं पात्र उरलं, नदी उरली नाही. त्याखालच्या त्रिभुज प्रदेशात समुद्राचं खारं पाणी विहिरींत आत आत सरकतं, आणि धरणांत गाळ अडल्यामुळे किनारा झिजतो. जिथे कृष्णेची एक शाखा समुद्राला मिळते त्या हंसलादीवीची कथा अशी सांगतात की सगळ्यांची पापं धुऊन धुऊन काळवंडलेली गंगा कावळ्याच्या रूपात हिंडत होती, आणि या संगमात न्हाऊन ती हंस झाली. इतरांचं धुतलेलं घेऊन जाणं हे नदीचं काम आहे आणि ते उतरवायची जागा समुद्र आहे, हे त्या कथेला बरोबर माहीत होतं.

आणखी एक गोष्ट. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, कृष्णा यांचं एवढं गोडं पाणी येतं की त्याचा वरचा थर अरबी समुद्रापेक्षा बराच कमी खारा असतो. हलकं असलेलं हे पाणी खालच्या पाण्यात सहज मिसळत नाही, पृष्ठभागावरच राहतं आणि तापतं. त्या उबेवर पावसाळ्यात कमी दाबाची क्षेत्रं तयार होतात आणि पश्चिमेकडे सरकत विदर्भ-मराठवाड्याला पाऊस देतात. भीमेचा त्यात वाटा लहान आहे, मोठं पाणी गंगा-ब्रह्मपुत्रेचं. तरीही समुद्राला गेलेलं पाणी परत येण्याच्या वाटा अशाही आहेत. त्याला वाया गेलं म्हणणं म्हणजे बी पेरलं की ते वाया गेलं म्हणणं.

मी धरणांच्या विरोधात नाही. डिंभ्याचं पाणी मिळेपर्यंत खालच्या गावांनी काय सोसलं ते विसरता येणार नाही. एवढ्या पावसाच्या घाटमाथ्यावरच्याच महादेव कोळ्यांच्या वाड्यांना उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी चालावं लागतं, हाही अन्यायच आहे, आणि तो आधी मिटायला हवा. कोकणात उतरणारं पाणी उचलून मराठवाड्याकडे नेण्याच्या योजना आज मांडल्या जातात. त्यांची गरज दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला विचारा. माझी तक्रार ‘वाया’ या एका शब्दाशी आहे, कारण तो शब्द मनात बसला की शेवटचा थेंबसुद्धा अडवणं हे पुण्य वाटू लागतं.

बच्छावत लवादाने कृष्णा खोऱ्याचं पाणी वाटलं तेव्हा भरवशाचं २०६० टीएमसी पाणी तीन राज्यांत पुरतं वाटून टाकलं: महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्रला ८००. बेरीज तंतोतंत जुळते. समुद्राच्या नावचा आकडा तिच्यात नाही. दुसऱ्या लवादाने २०१० मध्ये नदीत किमान प्रवाह राहावा म्हणून थोडंसं पाणी बाजूला ठेवलं, पण ते फारच अपुरं आहे. पुढच्या वाटपात समुद्रासाठी आणि क्षारांच्या निचऱ्यासाठी स्वतंत्र वाटा धरला पाहिजे, आणि ही मागणी खालच्या आंध्रकडून येण्याची वाट न बघता उगमाकडच्या आपण आधी केली पाहिजे.